नऊ दिवसांचा खोटा सूर्य

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी नोकरी करते. ओतकामातून आलेले लोखंडी भाग यंत्रावर तासून झाले, की ते मापात बसतात का हे तपासायची एक थंडगार खोली असते. त्या खोलीत माझी सव्वीस वर्षं गेली. सकाळी कंपनीची बस मला घराजवळून घेते. तिथून कागलपर्यंतचा वेळ माझा स्वतःचा असतो. बाकीच्या बायका डुलकी काढतात. मी फोनवर वाचत बसते.

महिन्यातून एकदा एका मोठ्या वेधशाळेचं बातमीपत्र ईमेलनं येतं. ते आलं की त्या दिवशी दुसरं काही वाचायचं नाही, असं मी ठरवून टाकलंय. नव्या दुर्बिणीचं काम कुठवर आलं, जुन्या काचेच्या प्लेटांवरच्या फोटोंतून कुणाला काय नवीन सापडलं, सूर्य सध्या किती खवळलाय, असं सगळं त्यात असतं. शेवटी ‘संधी’ नावाचं एक पान असतं. संशोधक विद्यार्थ्यांच्या जागा, कॉलेजातल्या मुलांसाठी उन्हाळी प्रशिक्षण, शिक्षकांसाठी कार्यशाळा. त्यातल्या एकाही जागेला मी वयानं बसत नाही आणि शिक्षणानंही नाही. दहावीनंतर डिप्लोमा केला आणि सरळ कारखान्यात शिरले. तरी ते पान मी अर्जाच्या शेवटच्या तारखांसकट वाचते. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या अंकात त्या पानाच्या तळाशी चार ओळींचं आवाहन होतं. ज्या शाळांनी किंवा हौशी लोकांनी पूर्वी सूर्यावरच्या डागांची हातानं चित्रं काढली असतील आणि ती जपली असतील, त्यांनी ती स्कॅन करून पाठवावीत. वेधशाळेच्या स्वतःच्या नोंदींत ढगाळ दिवसांची भोकं आहेत, ती बुजवायला अशी चित्रं उपयोगी पडतील.

बसमध्ये गोकुळ शिरगाव मागं पडेपर्यंत मी त्या चार ओळी तीनदा वाचल्या. आमच्या शाळेत तशा वह्या होत्या. आणि त्यातल्या एका वहीत नऊ दिवस मी खोटे काढले होते. हे मी जगात कुणालाही सांगितलं नव्हतं.

आमची शाळा शिवाजी पेठेत होती. आम्हीही पेठेतलेच. घरी चार म्हशी होत्या आणि वडील रोज दूध कट्ट्यावर त्या उभ्या करून गिऱ्हाइकांसमोर धार काढून द्यायचे. आठवीत आम्हाला विज्ञानाला नव्या बाई आल्या. उंच, सावळ्या, केस घट्ट बांधलेले. वर्गात त्या छापील पुस्तकासारखं बोलायच्या आणि रागावल्या की सरळ आमच्यासारखं. पहिल्या आठवड्यातच त्यांनी घरून एक छोटी दुर्बीण आणली आणि ती शाळेच्या गच्चीवर मांडली. तिचा स्टँड उद्यमनगरातल्या कुठल्याशा कारखान्यातून ओतून आणलेला होता. इतका जड, की तो वर न्यायला चौघं लागली.

या दुर्बिणीतून कुणी डोळा लावून बघायचं नाही, हा पहिला नियम. का, ते दाखवायला बाईंनी भिंगाच्या मागं वाळलेलं पान धरलं आणि ते क्षणात धुमसून काळं पडलं. सूर्य बघायचा तो मागं लावलेल्या पांढऱ्या कागदावर. कागदावर आधीच कंपासनं वर्तुळ काढलेलं असायचं. सूर्याची प्रतिमा त्या वर्तुळात बरोबर बसवायची आणि जिथं डाग दिसेल तिथं पेन्सिलीनं तो काढायचा. एकीनं चित्र काढायचं, दुसरीनं कागदावर सावली पडावी म्हणून काळी छत्री धरायची. लख्ख उन्हात गच्चीवर छत्री बघून खालच्या गल्लीतले लोक हसायचे.

वर्तुळाखाली तारीख, वेळ आणि काढणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं. खोडरबर वापरायचं नाही. ढग असले तर वर्तुळ रिकामं ठेवून खाली ‘ढग’ लिहायचं. कुणी आलंच नसेल तर ‘निरीक्षण नाही’ लिहायचं. रिकामं वर्तुळ हीसुद्धा नोंदच असते, असं बाई पुनःपुन्हा सांगायच्या. पावसाळ्यात तर महिना महिना नुसती ‘ढग’, ‘ढग’, ‘ढग’ अशी पानं भरायची.

त्या वर्षांत सूर्यावर डागांची नुसती गर्दी होती. सकाळी नऊच्या सुमाराला मी गच्चीवर जायची. खालून पेठ जागी असल्याचे सगळे आवाज यायचे. तालमीच्या अंगणात कुणीतरी फुटबॉल भिंतीवर आपटत असायचं, कुठंतरी मिरचीचं कांडप चाललेलं असायचं. वर मात्र आमच्या कागदावर तो वितीएवढा सूर्य थरथरत असायचा. डाग पूर्वेच्या कडेला उगवायचे, तेरा-चौदा दिवसांत सरकत सरकत पश्चिमेच्या कडेला जायचे आणि नाहीसे व्हायचे. एखादा डाग दोन आठवड्यांनी पुन्हा पूर्वेला दिसला, की मला आपला पावणा परत आल्यासारखं वाटायचं.

वडिलांना मी एकदा ओढत गच्चीवर नेलं. त्यांनी बराच वेळ कागदाकडं बघितलं. मग म्हणाले, “एवढं काम करतोय रोज, डाग पडायचेच की.”

नववीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाईंना ऑपरेशनसाठी मिरजेला जावं लागलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावून गच्चीची किल्ली आणि वही दिली. सुट्टीत एकटीला जमेल का, असं विचारलं. मी जमेल म्हटलं. माझ्याएवढी खुशीत त्या दिवशी पेठेत कुणी नसेल.

सहा-सात दिवस मी नेमानं गेले. मग गगनबावड्याकडच्या मामाकडं लग्न निघालं. आई म्हणाली, दोन दिवसांत परत येऊ. दोनाचे नऊ झाले. तिथं आंबे होते, ओढा होता, मावसबहिणी होत्या. रोज सकाळी अंगणात ऊन आलं, की मला वही आठवायची. मग कुणीतरी हाक मारायचं आणि मी जायची.

परत आले त्या संध्याकाळी वही उघडली. नऊ वर्तुळं कोरी. ‘निरीक्षण नाही’ असं नऊ वेळा लिहायचं होतं, बस. पेन्सिल हातात घेतली, पण ते शब्द लिहिवेनात. बाई दवाखान्यातून येणार, वही उघडणार आणि त्यांना कळणार की किल्ली चुकीच्या हातात दिली.

मी लग्नाला जायच्या दिवशीचं शेवटचं चित्र समोर ठेवलं. त्यात तीन डाग होते. डाग रोज किती सरकतात हे मला पाठ झालं होतं. पट्टी आणि कंपास घेऊन मी हिशोबानं त्यांना रोज थोडं थोडं पश्चिमेला सरकवलं. एक मधेच पुसट केला. दोन दिवस ‘विरळ ढग’ लिहिलं. काही पानांना टोकदार पेन्सिल वापरली आणि काहींना बोथट, म्हणजे एका बैठकीत काढल्यासारखं दिसू नये. चौदा वर्षांच्या मुलीला हे सगळं कसं सुचलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले, कागदावर सूर्य घेतला. वर्तुळाच्या जवळजवळ मधोमध डागांचा एक भलाथोरला समूह बसला होता. एवढा मोठा मी कधीच बघितला नव्हता. माझ्या नऊ पानांत त्याचा मागमूस नव्हता. खोडायची सोय नव्हती. खोडलेलं दिसलं असतं. मी तो समूह जसा दिसला तसा काढला आणि खाली लिहिलं, ‘नवा समूह, अचानक उगवला.’

असे डाग मधेच उगवतातही, त्यामुळं बाईंना शंका आली नाही. उलट त्या हरखल्या. तीनच डाग असलेल्या सूर्यावर एका दिवसात एवढा समूह आला आणि आपल्या शाळेच्या वहीत त्याची नोंद झाली, हे त्यांनी वर्गात फळ्यावर काढून सांगितलं. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात वही मांडली तेव्हा नेमकी हीच पानं उघडून काचेखाली ठेवली. शेजारी मला उभं केलं. येणारे-जाणारे वाकून बघायचे. माझे कान तापलेले असायचे आणि लोकांना वाटायचं, पोरगी लाजतेय.

त्यानंतर मी एकही नोंद खोटी केली नाही, त्या वहीत नाही आणि कारखान्यातही नाही. आमच्या खोलीत नवी मुलं कधी कधी न मोजताच अंदाजानं आकडे भरतात. मला ते कागद हातात घेतल्यावर कळतं. सगळे विचारतात, मॅडम, तुम्हाला कसं कळतं? मी म्हणते, सवयीनं.

आवाहन वाचल्यावर मी शाळेत चौकशी केली. वह्या शाळेत नव्हत्या. बाई निवृत्त होताना त्या सगळ्या स्वतःच्या घरी घेऊन गेल्या होत्या. त्या आता कळंब्याला धाकट्या बहिणीबरोबर राहतात, असं कळलं. फोन केला तर पलीकडून तोच आवाज, जरा बारीक झालेला. मी नाव सांगितलं. त्यांनी क्षणभर आठवलं आणि विचारलं, “सूर्यवाली न्हवं का तू?”

रविवारी गेले. बाई आता ऐंशीच्या पुढं आहेत. गुडघे गेलेत, काठीशिवाय चालता येत नाही. पण लोखंडी ट्रंकेत वह्या वर्षावार लावलेल्या होत्या, मधे कडुनिंबाचा पाला घातलेला. आवाहनाचा मजकूर मी वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, एवढी वर्षं मी या ट्रंकेचं काय करायचं म्हणत होते.

तीन रविवार आम्ही जेवणाच्या टेबलावर वह्या उघडून फोननं एकेका पानाचा फोटो घेत होतो. बाईंची बहीण पानं सरळ धरायची. प्रत्येक पानाला बाईंची काही ना काही आठवण. इथं छत्री उडून खाली भाजीवाल्याच्या पाटीत पडली होती. इथं कावळ्यानं दुर्बिणीवर शिटलं होतं. मी हसत होते आणि आतून नववीची वही जवळ येताना बघत होते.

चौथ्या रविवारी ती वही आली. बाईंनी स्वतः प्रदर्शनातली पानं काढली आणि बहिणीला दाखवायला लागल्या. किती स्वच्छ पानं आहेत बघ, म्हणाल्या.

मी म्हटलं, “बाई, यातली नऊ पानं खोटी आहेत. तुम्ही मिरजेला होता तेव्हा मी मामाकडं गेलते. आल्यावर बसून काढली.”

बाईंनी वही बंद केली, तिच्यावर हात ठेवला. मग विचारलं, तो मोठा समूहही खोटा का? मी म्हटलं, तो खरा, पण अचानक उगवला होता की नाही ते मला माहीत नाही. मी आधी बघितलंच नव्हतं.

“मी चार वर्गांना शिकवलं ते,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बहिणीला मला चहा द्यायला सांगितलं आणि स्वतः काठी घेऊन आत गेल्या. मी चहा प्यायले. बहीण दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, आज राहू दे आता. घरी येताना कळंबा तलावाच्या काठी मी स्कूटर थांबवली आणि बराच वेळ उभी राहिले. पस्तीस वर्षांनी सांगून मी कुणाचं काय भलं केलं, हा विचार डोक्यातून जाईना. न सांगता नऊ पानं नुसती गाळून टाकता आली असती. बाईंना कधीच कळलं नसतं.

चार दिवस फोन आला नाही. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आला. लॅपटॉप घेऊन ये आणि अजून काही पाठवू नकोस, एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

वेधशाळेनं आपली जुनी चित्रं तारीखवार इंटरनेटवर ठेवली आहेत. बाईंनी आठवडाभर विचार करून ठरवलं होतं, की माझी नऊ पानं वेधशाळेच्या चित्रांशी ताडून बघायची. रविवारी गेले आणि पहिला दिवस लावला. माझे तीन डाग आणि वेधशाळेचे तीन डाग जवळजवळ एकाच जागी. दुसऱ्या दिवशीही तसंच. हिशोब तरी चोख होता, असं बाई पुटपुटल्या. तिसऱ्या दिवशी वेधशाळेच्या सूर्यावर पूर्वेच्या कडेला एक काळी रेघ दिसली. चौथ्या दिवशी ती जाड झाली. पाचव्या, सहाव्या दिवशी तो समूह आत आला, फुटला, पसरला, त्याला मागं शेपटीसारखे बारीक डाग आले. माझ्या पानांवर आपले ते तीन ठिपके निमूट चालले होते.

बाईंनी लॅपटॉप जवळ ओढला आणि ती सगळी चित्रं पहिल्यापासून पुन्हा बघितली.

“हे सगळं तुला बघायला मिळालं असतं,” त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं मी बाईंचं काय नुकसान केलं याचाच विचार करत आले होते. माझं स्वतःचं काय गेलं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. मला रडू आलं. बाईंनी ते बघितलं, पण समजूत घातली नाही. पुढच्या वह्या काढायला सांगितल्या. आता ताडायला बसलोच आहोत तर सगळंच ताडू, म्हणाल्या.

आणि त्यातून दुसरंच निघालं. दहावीच्या वहीत हिवाळ्यातल्या दोन महिन्यांची चित्रं वेधशाळेच्या चित्रांशी जुळेनात. आमचे डाग उलट्या दिशेनं चालले होते. बाई भुवया आक्रसून बसल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. त्या दोन महिन्यांत मान न वाकवता काम करता यावं म्हणून त्यांनी दुर्बिणीला एक आरसा असलेला तुकडा लावला होता. आरशात डावं-उजवं उलटं होतं, हे विज्ञानाच्या बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. बहीण जोरात हसली. बाईंनाही हसू आवरेना. किती तरी दिवसांनी त्या घरात असं हसणं झालं असावं, कारण बहीण पदरानं डोळे पुसत राहिली.

हसणं थांबल्यावर मी म्हटलं, आपण पत्रात लिहू, की अमुक पानांत चुका आहेत.

“न्हाय,” बाई म्हणाल्या. “माझं चुकलंय. तू खोटं लिहिलंयस. दोन्ही लिहायचं, पण एका रकान्यात न्हाय.”

मग त्यांनी पत्राचा मजकूर सांगितला आणि मी तो टेबलावरच लिहून घेतला. पहिल्या परिच्छेदात त्यांची चूक, आरशाच्या तुकड्यासकट. दुसऱ्यात माझी नऊ पानं, तारखांसकट, आणि दहाव्या दिवशीची ‘अचानक उगवला’ ही ओळ. घरी जाऊन मी ते इंग्रजीत केलं. मऊ शब्द वापरायचा मोह दोन ठिकाणी झाला. वापरला नाही.

तीनेक आठवड्यांनी उत्तर आलं. लिहिणारी संशोधक तरुण असावी, असं भाषेवरून वाटलं. उलटी चित्रं सुलटी करून घेता येतात, तो प्रश्न नाही, असं तिनं कळवलं होतं. नऊ पानं त्यांनी बाजूला काढली होती. आम्ही स्वतःहून तारखा दिल्यामुळं बाकीच्या वह्यांवर विश्वास ठेवणं सोपं गेलं, असंही एक वाक्य होतं. वेधशाळेवर ढग होते अशा काही दिवशी कोल्हापुरात ऊन होतं आणि त्या दिवसांच्या जागी आता आमच्या शाळेची चित्रं लागणार होती. बाईंनी ते पत्र बहिणीकडून वाचून घेतलं, मग माझ्याकडून, मग स्वतः भिंग घेऊन वाचलं.

पत्राच्या शेवटी एक विनंती होती. निरीक्षण करणाऱ्या सगळ्यांची नावं हवी होती, नोंदींबरोबर लावायला. आमच्याकडं होती ती नुसती अक्षरं, प्रत्येक वर्तुळाखाली दोन.

मग दोन महिने तोच उद्योग झाला. बाईंकडं जुने हजेरीपट नव्हते, पण डोकं शाबूत होतं. एकेक अक्षर घेऊन आम्ही वर्ग आठवायला लागलो. कुणी कुठल्या बाकावर बसायचं, कुणाचे वडील कुठल्या तालमीचे. मी फोन करत सुटले. एक दूध संघात अधिकारी होती. एकाची वडणगेला ऊसशेती होती. त्याला आधी काही आठवेना आणि मग एकदम छत्री आठवली. एक वर्गमैत्रीण चार वर्षांपूर्वी गेली होती. तिच्या नवऱ्यानं फोन उचलला. तिनं असलं काही केलं होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं तिची पानं मागितली. मी तिची चौदा चित्रं त्याला पाठवली. त्यानं नंतर कळवलं, की मुलीनं त्यातलं एक मोबाइलवर लावलंय.

सगळी नावं लागली, एक सोडून. आठवीच्या वहीत सहा चित्रांखाली दोन अक्षरं आहेत, वळणदार, शाईच्या पेनानं काढलेली. चित्रंही सुरेख आहेत. ती कुणाची, ते कुणालाच आठवत नाही. बाईंना वाटतं, मध्येच शाळा सोडून गेलेली एखादी मुलगी असावी. आत्तापर्यंत मी पंचवीसएक जणांना विचारलं असेल.

शेवटी ती अक्षरं तशीच पाठवली. अजूनही अधूनमधून दुपारी बाईंचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही. एखादं नाव सांगतात आणि विचारतात, ही असेल का गं? मी वहीतला फोटो उघडते, अक्षरं ताडून बघते आणि सांगते, नाही बाई, ही नव्हे.